लाडूचा राम राम

तीस-पस्तीस किलोचा कुत्रा पळत येतो आणि तुमच्या छातीवर दोन पाय ठेवतो, तेव्हा त्याला तुमचा राग आलेला नसतो. त्याला आनंद झालेला असतो. खाली पडणाऱ्या माणसाला मात्र हा फरक समजत नाही. पडल्यावर समजावून सांगण्यात अर्थ नसतो, म्हणून पडायच्या आधी कुत्र्याला समजवावं लागतं. हेच मी आयुष्यभर केलं.

मी डोमाजी, मध्य प्रदेशातल्या बालाघाटचा. शाळा चौथीपर्यंत. खाणीवरच्या एका साहेबाच्या बंगल्यावर कुत्र्यांना खायला घालायच्या कामावर लागलो. तिथं फौजेतून आलेला एक म्हातारा साहेबाच्या कुत्र्यांना शिकवायचा. तो तोंडानं काही सांगायचा नाही. मी पाहून पाहून शिकलो. पुढं स्वतःचंच काम धरलं. बालाघाट, लालबर्रा, वारासिवनी, इकडं गोंदियापर्यंत. जर्मन शेफर्ड, डॉबरमन, लॅब्राडोर, बॉक्सर. सगळे मोठ्या अंगाचे आणि अंगात दिवसभर वारं भरलेले. लोक मोबाईलवर फोटो पाहून असलं पिल्लू आणतात. आठ महिन्यांनी ते सोफ्याएवढं होतं आणि मग मला फोन येतो.

फोनवर सगळे एकच म्हणतात, काका, घेऊन जा, शिकवून आणून द्या. जसं काही पीठ दळून आणायचं आहे. मी सरळ नाही म्हणतो. माझ्या घरी तो माझं ऐकेल. तुमच्या घरी तुमचं काहून ऐकेल? शिकवायचं त्याच्याच घरी, त्याच्याच माणसांसमोर, आणि निम्मं शिक्षण त्या माणसांचं.

वारासिवनीला एक रिटायर बाबू होते. सरकारी कचेरीत जन्म गेला. त्यांनी डॉबरमन पाळला आणि नाव ठेवलं साहेब. आता ज्यानं उभ्या आयुष्यात साहेबाला हुकूम दिला नाही, तो कुत्र्याला काय देईल? ते हात जोडल्यासारखे उभे राहायचे आणि म्हणायचे, साहेब, बसता का? कुत्रा त्यांच्याकडं पाहायचा आणि निघून जायचा. मी सांगितलं, विचारू नका, एकदाच सांगा. त्यांना जमेना. शेवटी माझ्या बायकोनं बाबूंच्या बायकोला पुढं केलं. ती माउली एकदाच बोलली, "बस म्हटलं ना." कुत्रा बसला. बाबूही बसले.

बायकोचं नाव निघालंच आहे तर सांगून टाकतो. तिचं नाव गिरजा. मागच्या पौषात गेली. कावीळ झाली आणि तीन आठवड्यांत संपलं. जे लिहितो आहे त्यातलं निम्मं काम तिचं आहे. हे मी कोणाला कधी सांगितलं नाही. तिलासुद्धा नाही.

तिचं काम काय, ते बाहेरच्याला कळणार नाही म्हणून उघडून सांगतो. घरातल्या माणसांसमोर कुत्रा लवकर शहाणा होतो. खरी परीक्षा दारात पाहुणा आला की होते. पाहुणा म्हणजे नवा वास, नवा आवाज, हातात पिशवी, डोक्यावर टोपली, छत्री, काठी. म्हणून शिकवताना कोणीतरी पाहुणा व्हावं लागतं. एकदा नाही, एका दुपारी तीस-तीस वेळा. गिरजा पाहुणी व्हायची. फाटकातून यायची, परत जायची, परत यायची. कधी डोक्यावर तांदळाचा डबा, कधी माझा रेनकोट, कधी बांगड्या खुळखुळवत, कधी म्हातारीसारखी खोकत. कुत्र्यानं उडी मारली की ती ओरडायची नाही, हातानं ढकलायचीही नाही. ढकललं की कुत्र्याला वाटतं, खेळ सुरू झाला. ती पाठ फिरवायची आणि खांबासारखी उभी राहायची. चारही पाय जमिनीला लागले की मगच वळायची, आणि स्वेटरच्या खिशातून उकडलेल्या अंड्याचा तुकडा काढून द्यायची. तपकिरी स्वेटर, उन्हाळ्यातसुद्धा तोच. कुत्र्याला मी नीट चालायला शिकवलं असेल. माणसांत राहायला तिनं शिकवलं.

घरवाल्यांना वाटायचं, मास्तरची बायको सोबत फिरायला आली आहे. तिला चहा द्यायचे आणि हिशेबात धरायचे मला. गोंदियात एका डॉक्टरनं चार माणसं बोलावून मला शाल आणि नारळ दिला. गिरजा मागं उभी होती, कुत्र्याचा पट्टा धरून. मी छाती फुगवून नमस्कार केला. परतताना बसमध्ये तिनं शालीला हात लावून पाहिला.

"शाल बरी हाय," ती म्हणाली. "कुत्र्याले आंथरून देऊ."

मी रागावलो. मला कळलंच नव्हतं की ती काय बोलली.

दुसरी एक गोष्ट सांगायची आहे, ती माझ्या तोंडाला काळं फासणारी आहे. राजेगावकडं एका माणसाच्या गोदामावर जर्मन शेफर्ड होता. वर्षभराचा, देखणा, हसरा. हो, कुत्रे हसतात. मालकाला तो जहरी पाहिजे होता. चोवीस तास साखळी, एकाच माणसाच्या हातचं खाणं, बाकी कोणी जवळ जायचं नाही. मला ठाऊक होतं हे चूक आहे. तरी मी हौ म्हटलं आणि त्याच्या म्हणण्यासारखं शिकवायला लागलो. दुसऱ्या दिवशी गिरजा फाटकाच्या आत आलीच नाही.

"मी नाई येत," ती म्हणाली. "तो शिकून नाई राह्यला, बिघडून राह्यला. तुमाले दिसत नाई का?"

दिसत होतं. मी काम पुरं केलं. दोन वर्षांनी त्या वाटेनं गेलो तेव्हा आत डोकावलो. खुंट्याभोवती जमिनीत गोल चर पडला होता, वीतभर खोल. कुत्रा त्या चरातून फिरत होता. साखळी जेवढी तेवढा त्याचा गोल. मालक लांबूनच बांबूनं थाळी पुढं सरकवत होता, कारण आता तो मालकालाही जवळ येऊ देत नव्हता. मी नावानं हाक मारली. त्यानं मान वर केली नाही. तो फिरत राहिला.

गिरजा गेल्यावर मी काम सोडलं. पट्टे खिळ्याला अडकवले, त्याच खिळ्यावर तिचा स्वेटर. लोक यायचे, मी दारातूनच परत पाठवायचो. पाहुणी नाही तर शिकवू कसा?

मग फागुनात प्रकाश आला. लालबर्र्याला सिवनी रोडवर त्याचं खताबियाण्याचं दुकान आहे, मागंच घर. कुत्रा बॉक्सर, दीड वर्षाचा, नाव लाडू. पिल्लू होता तेव्हा शोभलं असेल. लाडूनं प्रकाशच्या आईला, वेणूबाईंना पाडलं होतं. मनगट मोडलं, हाताला प्लास्टर. आणि आता प्रकाशची लेक मेघा नागपूरला बाळंत झाली होती. सव्वा महिना झाला की बाळाला घेऊन माहेरी येणार, नाव ठेवायचा कार्यक्रम इथंच. घर बायकांनी भरणार.

मी म्हटलं, मी काम सोडलं.

"काका, घर में सब डरे हुए हैं," प्रकाश म्हणाला. घरात तो मराठी कमी आणि हिंदी जास्त बोलतो. "तुमी नाई आले तर रामपायलीच्या शेतावर बांधून देतो. उपाय नाई. राखण करन तिथं."

"बांधून?"

"साखळी हाय ना."

मला तो गोल चर दिसला. मी म्हटलं, उद्या सकाळी येतो.

गेलो तर लाडू फाटकावरच होता. मी आत पाय टाकला, तो मागच्या दोन पायांवर उभा राहिला आणि पुढचे दोन माझ्या खांद्यावर. तोंड माझ्या तोंडाशी. माझ्यासारखा तयारीचा माणूस म्हणून टिकला. प्रकाश मागून कौतुकानं म्हणाला, "राम राम करून राह्यला, काका." मग त्यानं सगळं सांगितलं. पिल्लू असताना लाडूला पोरांनी पाहुण्यांना राम राम करायला शिकवलं होतं. दोन पाय वर ठेवले की सगळे हसायचे, मोबाईलवर फोटो काढायचे आणि बिस्किट द्यायचे. गावभर त्याचं नाव झालं. तेव्हा तो पाच किलोचा होता. आता बत्तीस किलोचा झाला, पण त्याला कोणी सांगितलं नव्हतं की राम राम बंद झाला. उलट आता तोच राम राम केला की लोक किंचाळत होते. त्याला वाटत होतं, कमी पडला असेल. म्हणून तो आणखी जोरात करत होता.

त्यात दुसरी भर. वेणूबाई घरात वडीलधाऱ्या, म्हणून येणारा प्रत्येक जण आधी त्यांच्या पाया पडतो. कुत्र्याच्या भाषेत पुढून वाकणं म्हणजे चल खेळू. म्हणजे या घरात पाहुणा यायचा, राम राम म्हणायचा आणि वाकून खेळायला बोलवायचा. वेणूबाई पडल्या त्या दिवशीही कोणीतरी पाया पडत होतं. लाडू पाहुण्याच्या पाठीवर चढला आणि दोघं मिळून म्हातारीवर आले.

मी कामाला लागलो. पाच आठवडे होते. पहिली गोष्ट, पळवणं. बॉक्सर बसून राहायला जन्मलेला नाही. अंगातलं वारं निघाल्याशिवाय त्याच्या कानात काही शिरत नाही. प्रकाशला सांगितलं, रोज सकाळी एक तास तू स्वतः. तो म्हणाला, दुकानातला माणूस नेईल. मी म्हटलं, मग कुत्रा त्याचाच होईल, त्यालाच देऊन टाक. तिसऱ्या दिवशी सिवनी रोडवर पुढं लाडू आणि मागं प्रकाश, पोट सावरत. दोन आठवड्यांत दोघंही सुधारले.

दुसरी गोष्ट, ओळख. बाजाराच्या दिवशी त्याला बाजारात न्यायचं, पण आत नाही. आधी शंभर पावलं लांब उभं राहायचं. तिथून त्यानं माणसं पाहायची, बैलगाडी, लाउडस्पीकर, बोकड, टोपलीवाल्या बाया. तो शांत राहिला की दहा पावलं पुढं. तडफडला की दहा मागं. घाई केली की सगळं वाया. तिसऱ्या बाजाराला तो भाजीच्या ओळीशेजारी बसला, जीभ बाहेर काढून, आणि एक बाई त्याला ओलांडून गेली.

पण फाटक जमेना. तिथं पाहुणीच पाहिजे होती. शेजारच्या बायकांना बोलावलं, त्या दुरूनच ओरडून पळायच्या आणि लाडूला वाटायचं, काय मजा आहे. एक दिवस मी घरून गिरजाचा स्वेटर आणला. स्वतः घालून, डोक्यावर पंचा घेऊन फाटकातून आलो, वाकलो. लाडूनं वास घेतला, मला ओळखलं आणि माझं तोंड चाटलं. प्रकाश हसला. मी खिशात हात घातला तर आत अंड्याच्या टरफलाचा चुरा होता. मी तसाच ओट्यावर बसलो. त्या दिवशी पुढं काही शिकवलं नाही.

दोन आठवडे उरले होते. प्रकाशनं रामपायलीला खुंटा गाडायला सांगितलं, हे मला त्याच्याच तोंडून कळलं. त्यानं लपवलं नाही. बाळाच्या बापाला तो काय सांगणार? मी त्याला दोष देत नाही.

त्याच दुपारी वेणूबाई प्लास्टरचा हात गळ्यात अडकवून माझ्याजवळ येऊन बसल्या. माझ्याच वयाच्या, बोलायला माझ्याहून कडक. लाडू आतल्या खोलीत बंद होता, दाराच्या फटीत नाक घालून.

"डोमाभाऊ, मी होतो पाहुणी," त्या म्हणाल्या. आमच्याकडं बायकासुद्धा होतो, येतो असंच म्हणतात.

मी म्हटलं, बाई, एक हात मोडला तेवढा पुरे.

"माह्यामुळंच मोडला ना." त्या खालच्या आवाजात बोलल्या. "ते राम राम पोट्ट्याईनं नाई शिकवलं. मी शिकवलं. प्रकाशले ठाऊक नाई."

मी हातातला पट्टा खाली ठेवला. त्याच पुढं बोलल्या.

"प्रकाशचा बाप गेला तवापासून दिवसभर घरात मी एकटीच, प्रकाश आन् सून दुकानात. पाया पडतेत सारे, पण पाया पडणं म्हणजे काय, बोटं लावली आन् गेले. अंगाले अंग लावणारं कोण हाय? हा आपला पाय खांद्यावर ठेवाचा, तोंड जवळ आणाचा. बरं वाटे. मंग मी बिस्कुट देवो."

इतकी वर्षं कुत्र्यांत काढली, पण हे मला कोणी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलंही नव्हतं. मी प्रत्येक घरी जाऊन उडी मारणं बंद केलं. ती उडी कोणाला पाहिजे होती, हे गिरजानंच ओळखलं असतं. ती चहा घेत आत बायकांत बसायची ना, ती काय उगाच बसत होती का? आता ती गेल्यापासून माझ्या खांद्यावरही कोणी हात ठेवलेला नाही. म्हणून मला बाईंचं बोलणं लगेच समजलं. आधी समजलं नसतं.

मी म्हटलं, त्याचा राम राम काढून घेतला आणि बदल्यात काही दिलं नाही, तर तो शिकणार नाही. तुम्हीही शिकणार नाही. दोघांनाही दुसरं काहीतरी देऊ.

काम असं ठरलं. वेणूबाई ओट्यावर खुर्चीत बसणार. आधी मी लाडूला आखूड पट्ट्यावर धरणार. त्या गुडघ्यावर थाप मारणार. लाडूनं यायचं, बसायचं आणि हनुवटी गुडघ्यावर ठेवायची. पाय वर गेला की बाईंनी तोंड फिरवायचं, कितीही जिवावर आलं तरी. हनुवटी ठेवली की अंड्याचा तुकडा, आणि चांगल्या हातानं कान चोळायचे, हवे तेवढे. पहिल्या दिवशी चाळीस वेळा. बाई तोंड फिरवायच्या तेव्हा त्यांचे डोळे भरायचे, पण एकदाही चुकल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी लाडू स्वतःहून आला आणि हनुवटी ठेवली. इतका वेळ ठेवली की बाईंची मांडी अवघडली. त्यांनी हलवली नाही.

मग त्या उठल्या, फाटकाबाहेर गेल्या आणि पाहुणी होऊन आल्या. प्रकाशनं आडवं यायला पाहिलं, तर म्हणाल्या, "हट बाजूले. पडलो तर मी पडतो." तो हटला. दुपारी तीस वेळा आल्या. कधी डोक्यावर टोपली, कधी मुद्दाम काठी आपटत. मग प्रकाशच्या बायकोनं धीर केला आणि तिनं वाकून सासूच्या पाया पडायचा सराव सुरू केला. एका दिवसात पंचवीस वेळा. वेणूबाई म्हणाल्या, लग्नापासून एवढ्या वेळा पाया पडली नाही, कुत्र्यानं पाया पडायला लावलं. सून हसली, लाडू बसला होता.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी प्रकाशनं त्याला दीड तास पळवलं. लाडू ओट्यावर वेणूबाईंच्या खुर्चीजवळ, पट्टा माझ्या हातात पण सैल. बायका येत गेल्या, वाकत गेल्या. तो बसून होता. शांत नव्हता, हे मी खरं सांगतो. त्याचं सगळं अंग थरथरत होतं. न उठायला त्याला किती जोर लागत होता, ते फक्त मला आणि वेणूबाईंना कळत होतं. रामपायलीचा माणूस साखळी घेऊन मागच्या अंगणात बसला होता. तेही आम्हाला आणि प्रकाशलाच ठाऊक होतं.

मग मेघा आली. बाळ कडेवर नाही, दोन्ही हातांत, दुपट्यात. नवऱ्यानं तिला थांबवलं, ती थांबली नाही. पोरगी आजीची लाडकी. ती बाळासकट वाकली. बाळाचं डोकं लाडूच्या तोंडापासून वीतभरावर आलं. लाडू उठला. अंगणातलं बोलणं थांबलं. प्रकाशचा हात पुढं आला. माझ्या तोंडात हुकूम आला होता, पण मी तो गिळला. मी ओरडलो असतो तर मेघा दचकली असती, आणि लाडूला वाटलं असतं, बाळ म्हणजे ओरडा. मी गिरजाचा स्वेटर घालून आलो होतो, त्याच्या खिशात माझी मूठ वळलेली होती. पट्टा मी सैलच ठेवला.

वेणूबाईंनी गुडघ्यावर थाप मारली. एकदाच.

लाडूनं बाळाचा वास घेतला, लांबून, मान लांब करून. मग वळला, बसला, आणि हनुवटी गुडघ्यावर ठेवली. मेघा पाया पडून उठली. वेणूबाईंचा एक हात तिच्या डोक्यावर होता आणि प्लास्टर निघालेला दुसरा, अजून बारीक असलेला, लाडूच्या कानामागं.

रामपायलीचा माणूस जेवला आणि साखळी घेऊन परत गेला. बाळाचं नाव ठेवून झालं. मग प्रकाशनं शाल आणि नारळ काढला, चार लोकांसमोर. आता मला पाठ होतं काय करायचं. मी शाल घेतली आणि उभा राहिलो. लिहिण्याची सवय नाही तशी बोलण्याचीही नाही, पण बोललो.

"हे काम दोघांचं असते. कुत्र्याले मी धरतो, माणसांत राहाले गिरजा शिकवे. तीस वर्षं तिनं शिकवलं, चहा तिले देत आन् शाल मले. या खेपी पाहुणी वेणूबाई झाल्या. मी फक्त पट्टा धरला."

वेणूबाई मान खाली घालून लाडूचा कान चोळत राहिल्या. प्रकाश त्यांच्याकडं पाहत होता.

शाल चांगली होती, दाट विणीची. मी ती दोनदा झटकली, वेणूबाईंच्या खुर्चीशेजारी पाळण्यापासून दोन हात सोडून अंथरली, आणि चारही कोपरे नीट केले. प्रकाशच्या तोंडाचा रंग बदलला. लाडू उठला, शालीवर एक गोल फिरला आणि बसला.

आता वारासिवनीहून एका लॅब्राडोरचं बोलावणं आहे. सोमवारी जातो. वेणूबाईंनी विचारलं आहे, बस किती वाजता आहे म्हणून.